अंगठ्याच्या नखाएवढा पाट

काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, घरं बांधते. समोरचा माझ्याकडे जरा आदराने बघतो. मग मी दोन्ही हातांनी दाखवते, एवढी. मांडीवर घेता येतील एवढी. तिथे आदर संपतो आणि माणूस हसतो. हसू दे. हसलेला माणूस टेबलापाशी थांबतो, हे मला आता कळलंय.

एका फुटाला एक इंच, हे आमच्या धंद्याचं माप. म्हणजे सहा फुटांचा दरवाजा सहा इंचांचा आणि पायरी बोटाच्या पेराहून लहान. घर तर लहान करता येतंच, पण घरातलं सगळं त्याच मापात लहान करायचं असतं. आदोळी, म्हणजे आमची विळी, तिचं पातं मी ब्लेडच्या तुकड्याचं करते आणि ती खरंच कापते. कौलं पेनच्या रिफिलवर मातीची पट्टी वळवून करते. हे सगळं मला कुणी शिकवलेलं नाही आणि ते सांगताना मी लाजत नाही.

कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिली. आमच्या गोव्यातल्या लाटंबार्शाहून बसने तालुक्याला जाऊन बी.कॉम. झाले. पदवीचा कागद बाबांनी देवखोलीच्या भिंतीवर लावला, तो अजून तिथेच आहे, उदबत्तीच्या धुराने पिवळा झालेला. नोकरी लागली डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये. तिथे पॅकिंगला कोल्हापूर-बेळगावकडच्या बायका. खोक्यांतून येणाऱ्या पातळ लाकडी पट्ट्या त्या माझ्यासाठी बाजूला ठेवायच्या. "मॅडमच्या घराचं सामान आलं बघा," म्हणून ओरडायच्या. सुरुवातीला साहेबांना वाटलं, मी खरंच घर बांधते आहे. कर्ज हवं का, म्हणून विचारलं त्यांनी.

मी पहिल्यांदा पणजीच्या प्रदर्शनात गेले ती पाव घेऊन. हे प्रदर्शन वर्षातून एकदा, थंडीत भरतं. नुसत्या लहान वस्तूंचं. पुण्या-मुंबईहून, बंगळुरूहून माणसं येतात, गळ्यात भिंग अडकवलेली, आणि नखाएवढी कपबशी उलटी करून तिचा तळ बघतात. मी पोदेराची, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याची, सायकल केली होती, मागे वेताची टोपली, टोपलीत पाव, पोळ्या, कांकणं, सगळे पावाचेच प्रकार. एक म्हातारी बाई आली, गोव्यातलीच, फुलांचा फ्रॉक घातलेली. टोपलीवर वाकून म्हणाली, "आजचे गो?"

"आजचेच, सकाळचे."

"कालचे जाल्यार व्हरचें ना हांव." कालचे असतील तर नेणार नाही म्हणे. आणि टोपली घेऊन गेली.

त्याच दिवशी पुण्याच्या ताई भेटल्या. त्यांच्या घरी काचेचं कपाट आहे आणि कपाटात देशोदेशीची बाहुल्यांची घरं. त्यांनी पर्समधून स्टीलची छोटी पट्टी काढून माझी सायकल मोजली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "पाव किती दिवस करणार? घर करा. तुमच्याकडचं. चतुर्थीतलं. गणपती बसलेला असेल, तर मी घेते."

ताईंचं कपाट म्हणजे आमच्या धंद्यातलं मोठं घर. त्या कपाटात गेलेल्या माणसाला नंतर कुणी "त्या पाववाल्या" म्हणत नाही. मला पाववाली म्हणतात याचं वाईट वाटायचं असं नाही. पण मला घरवाली व्हायचं होतं. म्हणजे घरं करणारी. हा शब्द मी एकदा ऑफिसात वापरला आणि पॅकिंगच्या बायका आठवडाभर हसत होत्या.

वर्षभर मी ते घर केलं. आमचंच घर. बाहेर तुळस, मग सोपो, म्हणजे ओसरी, लाल जमीन, मधल्या खोलीत चौरंग आणि चौरंगावर टांगलेली माटोळी. ज्यांनी गोव्यातली चतुर्थी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते: गणपतीच्या डोक्यावर लाकडाची चौकट टांगतात आणि तिला रानातलं, बागेतलं जे जे त्या दिवसांत पिकतं ते बांधतात. सुपारीचा कातरा, म्हणजे घोस, केळ्यांचा घड, नारळ, चिबूड, तोरिंग, आंबाडे. गणपती आणि आरास कितीही चांगली असो, आमच्याकडे माणूस आत आला की आधी मान वर करतो आणि माटोळी बघतो.

बाबा शेतकरी. आमच्या घरची माटोळी तेच बांधतात. माझी माटोळी बघायला ते रोज संध्याकाळी चष्मा पुसून यायचे.

"कवंडळ खंय?"

"करते, बाबा. अजून झालं नाही."

"कवंडळ नाशिल्ली माटोळी? लोक हसतले."

"पुण्याच्या लोकांना कवंडळ म्हणजे काय ते ठाऊक नाही."

"आमकां आसा मगे."

केली ती रानफळं, कवंडळं. लाल-नारिंगी, मोहरीपेक्षा जरा मोठी. मग म्हणाले, केळ्यांचा घड उलटा बांधलाय. तो उलटा नव्हता. त्यांनीच मान वाकडी करून बघितला होता. दोन दिवस वाद चालला. शेवटी आईने चष्मा लावून निकाल दिला की घड बरोबर आहे, म्हातारा वाकडा आहे.

राहिला गणपती. तो मी करायचा नाही, हे माझ्या मनात आधीपासून होतं. गणपती करतो तो चितारी. आमच्या घरचा गणपती पिढ्यानपिढ्या एकाच चित्रशाळेतून येतो. श्रावणात आपला पाट तिथे नेऊन द्यायचा, त्या पाटावर मूर्ती होते, आणि चतुर्थीला पाटासकट गणपती घरी. बाबा पाट द्यायला निघाले तेव्हा मीही स्कूटरवर मागे बसले. माझ्या पर्समध्ये कापसात गुंडाळलेला दुसरा पाट होता, अंगठ्याच्या नखाएवढा, फणसाच्या लाकडाचा, चार पायांचा.

चितारीकाकांनी तो तळहातावर घेतला आणि पडवीत उजेडाला नेला.

"हेच्यार मुंगी बसतली गो."

"मुंगी नको, काका. गणपती."

"उंदीर?"

"उंदीर पण."

"उंदराक शेंपटी?"

"शेपटीशिवाय कसा घेऊ?"

ते हसत सुटले. आतून मुलगा, सून सगळे आले बघायला. पण पाट त्यांनी ठेवून घेतला, आमच्या मोठ्या पाटाच्या शेजारी, फळीवर. आणि चतुर्थीच्या आधी जेव्हा आणायला गेलो, तेव्हा बसला होता. मोठ्या मूर्तीची जी माती उरली होती, त्यातलीच. बारीक पिवळं पितांबर, सुईच्या टोकाने काढलेले डोळे. आणि शेपटीवाला उंदीर. मी त्याला कापसात घालून कानातल्यांच्या डबीत ठेवला आणि डबी माझ्या टेबलाच्या खणात. मोठा गणपती आला, दीड दिवस राहिला, गेला. धाकटा डबीत थंडीची वाट बघत राहिला. आईला त्याचं काही वाटलं नाही. चित्रशाळेत फळीवर शंभर मूर्ती असतात, त्यांना कोण नमस्कार करतं? डबीत आहे तोवर ती माती.

प्रदर्शन शनिवारी सुरू होणार होतं. बुधवारी संध्याकाळी मी घर पूर्ण केलं. गणपती चौरंगावर बसवला, माटोळी वर टांगली, फोटो काढला आणि ताईंना पाठवला. त्यांचं लगेच उत्तर आलं: माझंच आहे, कुणाला देऊ नका. मी घरभर नाचले. बाबा म्हणाले, "कितें जालें, प्रमोशन?" मी म्हटलं, त्याच्याहून मोठं. मग झोपले, आणि गणपती तसाच चौरंगावर राहिला. हीच ती चूक. डबीत परत ठेवला असता तर ही गोष्टच झाली नसती.

गुरुवारी ऑफिसातून आले तर अंगणात शेजारची काकू, तिची सून, बाबा, सगळे. उदबत्तीचा वास. माझ्या टेबलावर, माझ्या घरासमोर, समई. खरी समई, माझ्या कौलांपेक्षा उंच. चौरंगावरच्या गणपतीच्या पायाशी दूर्वेचं एक टोक, एकच, कातरीने बारीक केलेलं. कपाळाला कुंकवाचा कण. आणि पुढे सुपारीच्या बोंडलीत, म्हणजे तिच्या देठाकडच्या टोपीत, पंचखाद्याचे दोन दाणे.

"आई! हे काय केलंस?"

आई म्हणाली, "आज म्हयन्याची चवथ. दुर्वा काडिल्ल्योच. बघते तर हांगा देव बसला. माटोळी बांदल्या, चौरंगार बसयला. पुजल्याबगर तसोच दवरूं?"

"अगं, तो विकायचा आहे!"

"आरतीय जाली," बाबा म्हणाले. आणि पाठीमागून काकू, "पुरी म्हटली हां आमी. लहान म्हणून सोडली ना."

मी खुर्चीवर बसले. ज्यांना हे समजत नाही त्यांना मी कसं सांगू? चौरंगावर बसवला, माटोळीखाली बसवला, दिवा लावला, आरती केली. आता तो माती राहिला नाही. पुजलेला गणपती विकत नाहीत. तो पोचवायचा असतो, पाण्यात. आमच्याकडे दीड दिवसांचा. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी. आणि शनिवारी सकाळी पुण्याच्या ताई पणजीला येणार, फोटोतला गणपती घ्यायला.

आईच्या आता ध्यानात आलं. तिचा चेहरा उतरला. "माझ्या हातांक सवय गो," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन चहा ठेवला.

बाबा सोप्यावर बसून होते. तिथूनच म्हणाले, "तुझें तूं पळे. तूं शिकलेली. व्हरशी जाल्यार आमी कितेंच म्हणचे नात."

नेला असता तर कुणाला कळणार होतं? कुंकू पुसायचं, दूर्वा काढायची, झालं. मी फार देवदेव करणारी नाही. ऑफिसला जाताना तुळशीला हात जोडते, तेवढंच. पण त्या चौरंगाकडे बघितलं आणि मला काही ते जमेना. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, पगार घेणारी बाई मी पहिली, स्कूटर चालवणारी मी पहिली. पुजलेला गणपती विकणारीही मीच पहिली, हे मला नको होतं.

"उद्या लवकर सुटून येते," मी म्हटलं. "घुमटाला चामडं नीट आहे ना?"

बाबा उठलेच एकदम. "आसा मगे!"

शुक्रवारी संध्याकाळी, उन्हं असतानाच, आमचा धाकटा गणपती निघाला. थंडीच्या दिवसांत विसर्जन म्हटल्यावर वाड्यावरचे लोक कुतूहलानेच आले. बाबांनी मातीचं घुमट गळ्यात अडकवलं, आरतीला आमच्याकडे तेच वाजतं. पाट मी तळहातावर घेतला होता आणि दुसऱ्या हाताने वाऱ्यापासून झाकला होता. पुढे घुमट, मागे आरती म्हणणारे, आणि मधे मी, हातात काय आहे ते कुणालाच दिसत नाही. वाटेत एक सायकलवाला थांबला. "गणपती खंय?" काकू म्हणाली, "तिच्या हातांत." त्याने बघितलं, चपला काढल्या, नमस्कार केला आणि मग पोट धरून हसला. सगळेच हसत होते. आईसुद्धा.

व्हाळात, म्हणजे आमच्या ओढ्यात, थंडीतही गुडघाभर पाणी असतं. बाबा पाण्यात उतरले, पाट तीनदा पाण्याला टेकवला आणि गणपती सोडला. बुडबुडासुद्धा आला नाही. मग रिवाजाप्रमाणे रिकाम्या पाटावर व्हाळातली वाळू घेतली, चिमटीतली चिमूट, आणि घरी आणली. गणपती गेला की त्याच्या जागी ती वाळू ठेवतात. चौरंग अगदी ओका दिसू नये म्हणून, असं आई सांगते.

बाबा ओल्या पायांनीच आत आले आणि लाल जमिनीवर पावलं उमटली. आई ओरडली. मी मात्र त्या पावलांकडे बघत राहिले.

माझं घर मी पुन्हा मांडायला घेतलं. गणपती गेल्यावर भरलेली माटोळी ठेवायची कशी? ती सोडतात, वाटतात. मी चिमट्याने केळ्यांचा घड सोडला आणि खाली पत्रावळीवर ठेवला. खाली एक स्टूल, स्टुलावर कोयता. सुपारीचा कातरा अर्धा सोडलेला, एका सुतावर लोंबता. पायरीवर चपला, वेड्यावाकड्या, विसर्जनाहून आलेल्या माणसांच्या असतात तशा. पाट चौरंगावर ठेवला. वाळूतही मोठे कण होते, आमच्या मापात ते धोंडे झाले असते. ते एकेक उचलून टाकले, नुसती बारीक राहू दिली. आणि शेवटी सगळ्यात बारीक ब्रशने, वार्निशमध्ये, दारापासून चौरंगापर्यंत बाबांची ओली पावलं काढली. वार्निश वाळलं तरी ओलंच दिसतं. बाबा बघायला आले. म्हणाले, "म्हजे पांय इतले फेंगडे?"

आई म्हणाली, "हय."

शनिवारी आई माझ्यासोबत आली. मागे राहायला तयार नव्हती. चांगलं लुगडं नेसून माझ्या टेबलामागे बसली, हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारखी. ताई सरळ आमच्याकडेच आल्या. वाकल्या, बघितलं, सरळ झाल्या.

"गणपती कुठाय?"

"गेला."

"गेला म्हणजे? पडला? फुटला?"

"नाही. आईने पुजला. मग पोचवायला लागला."

"अहो, पण तो शोपीस होता ना?"

"मलाही तसंच वाटत होतं," मी म्हटलं.

ताई रागावल्या नाहीत, पण हिरमुसल्या. "अहो, रिकामा चौरंग मी कपाटात ठेवू का? मी तर सगळ्यांना सांगून ठेवलंय गणपती येणार म्हणून." आणि पट्टी पर्समध्ये टाकून पुढच्या टेबलाकडे गेल्या, जिथे एकाने जपानी चहाघर मांडलं होतं.

आई माझ्याकडे बघेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे गं. माटोळी बघ तू, कुणी हात लावील."

आणि हात लावायला लोक आलेच. एक जोडपं आलं, नवरा मुरगाव बंदरात कामाला. त्याने वाकून बघितलं आणि बायकोला ओढलं. "अगे पळे, माटोळी सोडटात!"

"कातरो कोणाक दितात तुमगेर?" बायकोने आईला विचारलं.

"शेजारणीक," आई म्हणाली. तिचा आवाज अजून बारीक होता.

"आमगेर धुवेक, लेकीक," बायको म्हणाली. "घोवाच्या भयणीक दिवंक जाय म्हणून झगडीं जातात!"

"झगडीं तूं करता," नवरा म्हणाला.

आणखी दोघं-तिघं थांबली. केळ्यांचा घड कुणाचा, नारळ कुणाचा, चिबूड तिथल्या तिथे कापायचा की नाही. पेडण्याच्या एका बाईने सांगितलं, आमच्याकडे माटोळी दुसऱ्या दिवशी सोडतात, हे चुकलंय. आई खुर्चीवरून उठली. "चुकलां? आमच्या गांवांत येवन पळे!" आता तिचा आवाज हॉलभर. एका लहान मुलीने चौरंगाला बोट दाखवून विचारलं, "गणपती कधी गेला?"

आई म्हणाली, "काल."

पाठीमागून कुणी तरी विचारलं, "काल? म्हणजे खरंच?" ताई होत्या. केव्हा परत आल्या कळलंच नाही. आईने त्यांना सगळं सांगितलं, गोव्याच्या मराठीत, हातवारे करून. चवथ, दूर्वा, घुमट, सायकलवाला. ताई भिंग डोळ्याला लावून घरात बघत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ही जमिनीवर काय चमक आहे? सांडलंय का?"

"पावलं आहेत," मी म्हटलं. "ओली. बाबांची."

"आणि पाटावर?"

"व्हाळातली वाळू. कालची."

ताईंनी भिंग खाली केलं. "माझे वडील आणायचे," त्या म्हणाल्या. "मुठेची. मी लहानपणी त्या पाटाकडे बघायचीच नाही. पाठ करून जेवायला बसायची." मग पर्समधून पट्टी काढली, पण मोजलं काही नाही. ती नुसतीच हातात फिरवत राहिल्या. "बांधून द्या. असंच्या असं. तो कातरा लोंबतोय तो तसाच राहायला हवा."

आईने पदराने तोंड पुसलं. मुरगावच्या माणसाने टाळी वाजवली, उगाच.

"पण मला गणपती हवाच," ताई म्हणाल्या. "दुसरा करून द्या."

"आता होणार नाही. श्रावणात पाट द्यावा लागतो."

"मग श्रावणात पाट देते."

श्रावणात खरोखरच कुरियर आला. पुण्याच्या सुताराकडून करून घेतलेला चंदनाचा पाट, माझ्या पाटाहून थोडा नीटसच. आम्ही मोठ्या पाटासोबत तो चितारीकाकांकडे नेला. त्यांनी वास घेतला. "पुण्याचो देव. हेका उजव्या सोंडेचो करूंया?"

"नका हां काका," मी म्हटलं, "त्यांना सोवळं-ओवळं झेपायचं नाही."

मूर्ती डबीत, डबी खोक्यात घालून पाठवली. आईने वर बजावून ठेवलं, ताईंना फोन करून सांग, कपाटात नुसता ठेव म्हणावं, दिवा लावू नको, दूर्वा घालू नको. मी सांगितलं. ताई म्हणाल्या, छे हो, मी काही तसली नाही, माझ्याकडे देवघरसुद्धा नाही.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे पानं वाढलेली आणि फोन वाजला.

"अहो," ताई जरा दबक्या आवाजात म्हणाल्या, "काल तो इतका छान दिसत होता चौरंगावर. एकच दूर्वा ठेवली. आणि मग आरती... म्हणजे, पूर्ण नाही, दोनच कडवी. आता काय करू?"

आईने वाढायचा डाव ठेवला आणि माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"दोनच? आदीं आरती पुरी कर," ती म्हणाली. "बालदी चलता. पण स्वच्छ जाय. आनी आयक, वाळू हाडूंक विसरूं नाका. हय, हय, कुंडीतली चलता."

मग फोन माझ्याकडे देत म्हणाली, "तिका सांग, पुढल्या वर्साचो पाट बेगीन धाड म्हण."